मांजर जागा चुकतं, ते उगीच नाही

वाचकहो, सातारा, पुणे, रत्नागिरीकडच्या खेड्यांत असे घर क्वचितच सापडेल, की ज्याचे कोणीच मुंबईला नाही. कोणाचा मुलगा घाटकोपरला, कोणाची लेक मुलुंडला, कोणाचा भाऊ अंधेरी-बोरिवलीकडे. सुगी आटोपली की म्हातारी माणसे चार दिवस तिकडे जाऊन येतात. जाताना तांदूळ-कडधान्याचे गाठोडे नेतात आणि येताना तिकडच्या गोष्टी घेऊन येतात. घाटकोपरहून आलेली अशीच एक गोष्ट आज सांगायची आहे. ती एका मांजराची आहे. पण हसण्यावारी नेऊ नका. तिच्यात एका मुक्या जनावराचा जीव गुंतला होता, आणि तो वाचवला शेतकऱ्याच्या घरातल्या एका आजीबाईंनी.

गोधडीवरचा डाग

हे कुटुंब मूळचे पाटण तालुक्यातले. आजोबा माथाडी कामासाठी मुंबईला गेले आणि घाटकोपरच्या चाळीत राहिले. पुढे मुलाचा संसारही तिथेच झाला. चाळीत एक पिवळा बोका होता. दिवसभर गॅलरीत लोळायचा आणि विधी करायला मागच्या मातीच्या ढिगावर जायचा. घरात त्याने कधी घाण केली नाही.

मग चाळीचा पुनर्विकास झाला. कुटुंब अकराव्या मजल्यावर राहायला गेले. तिथे ना गॅलरी, ना मातीचा ढीग, आणि दार सदा बंद. सूनबाईंनी एका टबात वाळू घालून तो न्हाणीघरात, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी ठेवला. दोन-तीन आठवडे ठीक चालले. नंतर बोका पलंगावर लघवी करू लागला, आणि तीही नेमकी आजींनी आपल्या जुन्या लुगड्यांची शिवून पाठवलेल्या गोधडीवर. गोधडी धुतली, पुन्हा तेच. फिनेल शिंपडले, पुन्हा तेच. मुलाने बोक्याचे नाक डागावर घासले, दोन रट्टे दिले. बोका पलंगाखाली जाऊन बसू लागला आणि कोपऱ्याकोपऱ्यांत थेंब टाकू लागला. शेवटी ठरले, की रविवारी पोत्यात घालायचे आणि मासळीबाजाराजवळ सोडून यायचे.

त्या शनिवारी आजी तिथेच होत्या. दुपारभर त्या बोक्याकडे पाहत बसल्या. तो टबात जाई, पाठ वाकवून बसे, जोर करी, बाहेर येई, पुन्हा जाई. तोंडाने कण्हत होता. आजी उठून टबाशी गेल्या. वाळू कोरडी होती.

त्यांनी मुलाला हाक मारली. "आरं, ह्यो खोडी करत न्हाई. ह्याची लघवी तुंबलीया. आपल्या ढवळ्याला मूतखडा झालता तवा त्यो असाच कण्हत हुबा ऱ्हायचा. डाक्टर बघ आधी. पोतं मागनं बघू."

मुलाने ऐकले. रात्रीच बोक्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. पोटाला हात लावताच डॉक्टरांना मूत्राशय टणक लागले. भूल देऊन नळी घातली, तुंबलेली लघवी काढली आणि बोक्याला तीन दिवस ठेवून घेतले. "रविवार उलटू दिला असता, तर वाचला नसता," असे ते म्हणाले. ज्या पोत्यात तो जायचा, त्यातच त्याचा शेवट झाला असता आणि घरच्यांना कधी कळलेही नसते.

बैलाचे दुखणे, बोक्याचे दुखणे

आजींचे निदान नशिबाने जुळले असे समजू नका. त्यामागे कारण आहे. बैलाचा मूत्रमार्ग लांब, अरुंद आणि मध्ये वळण घेतलेला असतो. म्हणून खडा अडकतो तो बहुधा बैलाला. गाईचा मार्ग आखूड व रुंद असल्याने तिचे सहसा अडत नाही. मांजरात नेमके हेच आहे. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार बारीक असतो. बारीक खडे, वाळूसारखे कण किंवा सुजेमुळे आलेला चिकट द्रव यांची गुठळी तिथे बसली, की लघवी बंद. भाटीला मूत्राशयाची सूज येते, आगही होते, पण पूर्ण तुंबण्याचा प्रकार विरळा.

लघवी तुंबली की शरीरातली घाण रक्तात साठते. रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात. एक-दोन दिवसांत जनावर हातचे जाऊ शकते. म्हणून एक गोष्ट मनात पक्की करा. बोका वारंवार बसतो, जोर करतो, ओरडतो, पण लघवी येत नाही किंवा थेंबच येतात, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नका. त्याच दिवशी, रात्र असली तर रात्री, डॉक्टर गाठा. पुष्कळांना वाटते की त्याला मळावरोध झाला आहे, आणि ते एरंडेल पाजत बसतात. त्यात मोलाचा वेळ जातो.

सगळीच मांजरे तुंबलेली नसतात. पण नीट वागणारे मांजर अचानक जागा चुकू लागले, तर पहिला संशय दुखण्याचाच घ्यावा. लघवीत रक्त, सारखे तिथेच चाटणे, थोडी थोडी लघवी, ही मूत्राशयाच्या सुजेची लक्षणे. उलट खूप पाणी पिणे, खूप लघवी आणि वजन उतरणे, हे म्हाताऱ्या मांजरात मूत्रपिंडाच्या विकाराचे किंवा मधुमेहाचे लक्षण असू शकते. सांधे धरलेल्या म्हाताऱ्या मांजराला उंच काठाच्या टबात चढवत नाही, म्हणून ते बाहेरच उरकते. अशा जनावराला मारणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

आणि औषधाचे म्हणाल, तर आपल्या घरातली ताप-अंगदुखीची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला चुकूनही देऊ नका. माणसाचे यकृत ती पचवते, मांजराचे पचवू शकत नाही. एका गोळीने मांजर मरू शकते.

हे जनावर मुळात कोठले?

मांजर आपल्याकडे आले ते शेतीच्या पाठोपाठ. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, धान्यावर उंदीर आले आणि उंदरांवर रानमांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीची एक कबर सापडली आहे. तिच्यात माणसाशेजारी मांजर पुरलेले आहे. आपल्या मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका व पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले रानमांजर. त्या मुलखात पाणी कमी, म्हणून हे जनावर मुळातच पाणी थोडे पिते. बरेचसे पाणी त्याला शिकारीच्या मांसातून मिळते. त्याची लघवी घट्ट असते आणि म्हणूनच तिचा वास इतका उग्र.

गावातले मांजर उंदीर खाते, त्यातून त्याला पाणी मिळते. मुंबईच्या बंद घरात त्याला बहुधा कोरडे दाणे मिळतात. पाणी कमी पडते, लघवी आणखी घट्ट होते आणि दुखण्याला वाट मिळते. म्हणून शहरातल्या मांजराला शिजवलेली बिनमसाल्याची मासळी किंवा कोंबडीचे मांस, त्यातले पाणी किंवा ओले तयार खाद्य दिलेले बरे. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावी, पसरट असावी आणि रोज धुवावी.

दुसरी गोष्ट जागेची. मांजराला कोरडी, भुसभुशीत, उकरता येईल अशी जमीन लागते. तिथे ते खड्डा करते, विधी उरकते आणि झाकते. हे त्याला कोणी शिकवत नाही. ही जागा त्याला निवांत लागते, कारण त्या क्षणी ते सावध नसते.

टब कसा असावा

आता त्या न्हाणीघरातल्या टबाकडे पाहा. शेजारी कपड्यांचे यंत्र घरघरते, आंघोळीच्या वेळी दार बंद असते, आणि पावसाळ्यात वाळू दमट राहते. बोक्याने तिकडे पाठ फिरवली यात नवल काय? शिवाय दुखण्याच्या दिवसांत टबात बसले की कळ येते, हे त्याच्या डोक्यात बसले होते. मांजर दुखण्याचा दोष जागेला लावते आणि दुसरी मऊ जागा शोधते. पलंगावरची गोधडी तशीच मऊ होती.

तुमच्या मुंबईच्या माणसांना हे कळवा.

टब मोठा हवा. मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी असावा. काठ एका बाजूला ठेंगणा असावा. बाजारातल्या महागड्या टबाची गरज नाही. पसरट घमेले किंवा प्लॅस्टिकचे जुने टोपलेही चालते.

एका मांजराला दोन टब, दोन मांजरांना तीन. म्हणजे मांजरांपेक्षा एक जास्त. खोली लहान असली तरी निदान दोन ठेवावे आणि ते दोन वेगळ्या कोपऱ्यांत ठेवावे. शेजारी शेजारी ठेवलेले दोन टब मांजराच्या लेखी एकच.

टब खाण्याच्या भांड्याजवळ ठेवू नये. जेवतो तिथे घाण कोणालाच आवडत नाही.

आत दोन-तीन बोटे जाडीचा बारीक, कोरडा, बिनवासाचा थर हवा. चाळलेली कोरडी वाळू चालते. दुकानात गोळे धरणारी मातीही मिळते. ती बेंटोनाइट नावाच्या मातीची असते. आपल्याकडे कच्छात तिच्या खाणी आहेत. या धंद्याची सुरुवात मात्र अमेरिकेत झाली. तिथेही पूर्वी राख आणि वाळूच वापरत. १९४७ साली मिशिगन राज्यातल्या एडवर्ड लो नावाच्या माणसाने शेजारणीला वाळूऐवजी ओलावा शोषणारी माती दिली. ती माती म्हणजे आपल्या मुलतानी मातीचाच प्रकार. तिला वास कमी येई, म्हणून लोक मागू लागले. सुगंधी मातीच्या नादी मात्र लागू नये. तो सुगंध आपल्याला बरा वाटतो, मांजराच्या नाकाला झोंबतो.

टब रोज साफ करावा, सकाळ-संध्याकाळ केला तर उत्तम. आठवड्या-दोन आठवड्यांनी सगळी माती बदलून टब साध्या साबणाने धुवावा.

आणि घर बदलले तर मांजराला एकदम सगळ्या घरात सोडू नये. आधी एका खोलीत ठेवावे. त्याचे जुने अंथरूण, जुन्या टबातली मूठभर माती तिथे ठेवावी. सवय झाली की हळूहळू बाकीच्या खोल्या उघडाव्या. बैल नव्या गोठ्यात आणला की आपण दोन दिवस त्याच्याजवळ राहतोच ना? तसेच हे.

खूण करणे वेगळे

एक प्रकार याहून निराळा आहे. बोका भिंतीशी किंवा दाराशी पाठ करून उभा राहतो, शेपूट ताठ करून थरथरवतो आणि मागे फवारा मारतो. ही लघवीची निकड नव्हे. ही त्याची पाटी आहे, "ही हद्द माझी." बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला बिबट्याही झाडांवर असाच फवारा मारून हद्द सांगत फिरतो. दोघांचे गोत्र एकच.

दाराबाहेर दुसरा बोका फिरकत असेल किंवा भाटी माजावर असेल, तर हा प्रकार वाढतो. यावर उपाय म्हणजे खच्चीकरण. खच्ची केलेल्या दहा बोक्यांपैकी साधारण नऊ बोके फवारे मारणे सोडतात किंवा फार कमी करतात. पाचव्या-सहाव्या महिन्यात केले तर सवय सहसा लागत नाही. बैल आपण खच्ची करतो, मग बोक्याचे का जड वाटावे? मात्र हे काम डॉक्टरांनीच भूल देऊन करावे. भाटीचेही करून घ्यावे. ती साधारण नऊ आठवड्यांत विते आणि वर्षातून दोन-तीनदा विते. नको असलेली पिले नाल्याकाठी टाकण्यापेक्षा हे पुण्याचे.

मुंबईत परळला १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तिथेच बाई साकरबाई दिनशा पेटीट यांच्या नावाचे जनावरांचे जुने रुग्णालय आहे. उपनगरांतही आता मांजरे तपासणारे दवाखाने पुष्कळ आहेत. गावाकडच्या मंडळींनी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

डाग कसा काढावा

जोवर वास राहतो, तोवर मांजर तिथेच परत येते. आपल्या नाकाला वास गेला असे वाटले, तरी त्याच्या नाकाला तो येतो.

ओला डाग आधी फडक्याने टिपावा, घासू नये. मग गार पाण्याने आणि साध्या साबणाने धुवावा. त्यावर पाणी घातलेले व्हिनेगर लावावे आणि कडक उन्हात वाळवावे. जुन्या डागासाठी लघवीचा अंश मोडणारे एन्झाइमचे द्रावण दुकानात मिळते, ते जास्त उपयोगी.

फिनेल वापरू नये. त्यातली द्रव्ये मांजराला विषारी असतात. ते पुसलेल्या फरशीवरून चालते, पाय चाटते आणि ते पोटात जाते. अमोनियाचा वास लघवीसारखाच, म्हणून तोही नको. लघवीवर ब्लीचिंगचे पाणी ओतू नये. त्यातून विषारी वायू निघतो आणि लहान खोलीत तो माणसालाही बाधतो.

नाक घासणे, मारणे, कोंडणे याने काही साधत नाही. मागच्या घटनेचा आणि आताच्या माराचा संबंध मांजराला लागत नाही. त्याला एवढेच कळते की हे माणूस धोक्याचे. ते लपून करू लागते, आणि भीतीने मूत्राशयाचे दुखणेही बळावते.

आपल्या गावच्या घरी

तुम्ही म्हणाल, आमच्या मांजराला सगळे रान मोकळे, आम्हाला याचे काय? पण आपल्याकडेही मांजर जागा चुकतेच. खळ्यावरच्या राशीत, गव्हाच्या उघड्या कणगीत, कांद्याच्या रोपाच्या वाफ्यात, चुलीतल्या गार राखेत. कारण एकच. ही सगळी कोरडी, भुसभुशीत, उकरता येणारी जागा. रागावून उपयोग नाही. रास रात्री ताडपत्रीने झाका. कणगीला झाकण घाला. वाफ्यावर बाभळीच्या काट्या अंथरा. आणि परसात आडोशाला, पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी, कोरड्या वाळूचा ढीग त्याच्यासाठी करून ठेवा. सोयीची जागा मिळाली की मांजर दुसरीकडे सहसा जात नाही.

यात स्वच्छतेपेक्षा मोठी गोष्ट आहे. मांजराच्या, विशेषतः कोवळ्या वयाच्या मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म जंतू बाहेर पडू शकतो. चाऱ्यात किंवा खुराकात ही विष्ठा मिसळली, तर गाभण शेळ्या-मेंढ्या गाभडू शकतात. शेळी कारण नसताना गाभडली, तर चाऱ्याच्या गंजीत मांजर बसते का हेही पाहा, आणि डॉक्टरांना सांगा.

हाच जंतू गरोदर बाईच्या पोटातल्या बाळालाही अपाय करू शकतो. म्हणून दिवस गेलेल्या सुनेला-लेकीला मांजराचा टब साफ करायला लावू नका. ते काम घरच्या दुसऱ्या माणसाने करावे. ताजी विष्ठा लगेच बाधत नाही, जंतू बाधक व्हायला साधारण एक ते पाच दिवस लागतात. म्हणून टब रोज साफ झाला की धोका पुष्कळ टळतो. बागेत माती उकरल्यावर हात साबणाने धुवावे, भाजी धुऊन घ्यावी, मांस नीट शिजवावे. एवढी काळजी घेतली तर मांजर घराबाहेर काढण्याचे कारण नाही.

आणि मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीचे विचारा. रेबीज कुत्र्यापासूनच होतो असे नाही. घरच्या मांजरालाही दरवर्षी ही लस टोचून घ्यावी.

पोत्याचा रस्ता

मांजर त्रास देऊ लागले की पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. पण घरात वाढलेल्या मांजराला परक्या मुलखात ना ओळखीचा आसरा, ना खाणे. कुत्री त्याला फाडतात किंवा ते उपासाने मरते. असे जनावर उपासमारीच्या तोंडी टाकून देणे हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. कायदा बाजूला ठेवा. ज्या जनावराने आपल्या धान्याची राखण केली, त्याच्या दुखण्यात आपण त्याला असे सोडावे का?

घाटकोपरचा बोका चौथ्या दिवशी घरी आला. सूनबाईंनी नवे पसरट टोपले आणून ते दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, खुर्चीमागे ठेवले. दुसरे मागच्या खोलीत. न्हाणीघरातला टब काढून टाकला. कोरडे दाणे कमी केले आणि मासळीचे पाणी सुरू केले. पहिल्या आठवड्यात बोक्याने दोनदा पलंग ओला केला. कोणी मारले नाही. पलंगावर मेणकापड घातले आणि गोधडी उचलून ठेवली. महिन्याभरात तो आपल्या जागी जाऊ लागला. पुढे त्याला खच्ची करून घेतले.

आजी गावी परत निघाल्या तेव्हा गोधडी गाठोड्यात घेऊन आल्या. नदीवर नेऊन धुतली, दोन दिवस खळ्यावर उन्हात घातली आणि पुढच्या खेपेला परत पाठवून दिली. आता ती पुन्हा त्याच पलंगावर आहे आणि बोका तिच्यावर झोपतो. फक्त झोपतो.

वाचकहो, तुमच्या मुंबईच्या माणसांना फोन कराल तेव्हा त्यांच्या मांजराचीही चौकशी करा. ते जागा चुकत असेल, तर त्याला शिव्या घालण्याआधी दुपारभर नुसते त्याच्याकडे पाहत बसा म्हणावे. मुके जनावर आपले दुखणे जिभेने नाही, वागण्याने सांगते. गोठ्यात जन्म काढलेल्या आपल्या माणसांना ही भाषा नवी नाही.